हर्सूलचा कारखाना आणि त्याचं एकुलतं गिऱ्हाईक

आमच्या घरी एक जाडजूड पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी होती. पाहुणे आले की आजी ती अंथरायची आणि म्हणायची, "जेलची हाय, नातवंडं लोळली तरी इरत नाही." ती कुणी विणली, हे तिला कधी विचारावंसं वाटलं नाही. मलाही ते फार उशिरा सुचलं. तुरुंगातला माल दणकट असतो, एवढंच गावाला ठाऊक होतं.

मराठवाड्यात मध्यवर्ती कारागृह एकच, छत्रपती संभाजीनगरजवळचं हर्सूल. परभणी, नांदेड, बीड, धाराशिव इथे तुरुंग आहेत, पण ते जिल्हा कारागृहाच्या दर्जाचे. हा फरक नुसत्या पाटीचा नाही, त्यावर कामाचं सगळं गणित ठरतं. काम सक्तीचं असतं ते सक्तमजुरीची शिक्षा झालेल्याला. न्यायाधीन बंद्याला, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे त्याला, कामाला जुंपता येत नाही, त्याने आपणहून मागितलं तर गोष्ट वेगळी. जिल्हा कारागृहांत मुख्यतः असे न्यायाधीन बंदीच असतात. मोठी शिक्षा लागली की माणूस मध्यवर्तीकडे जातो, आणि माग, शिलाई, सुतारकाम यांच्यासाठी लागणारे हात त्याच्यामागे तिकडेच गोळा होतात.

तुरुंगात काम कशासाठी, याचं उत्तर दर पिढीला बदलत गेलं. १८३८ मध्ये एका समितीने (लॉर्ड मेकॉले तिचा सदस्य होता) सरळ सांगून टाकलं की कैद्याचं काम कंटाळवाणं आणि थकवणारं असावं. त्यातून काही उपयोगी निपजलं पाहिजे, असा आग्रह नव्हता. पण फुकटचे हात समोर असताना सरकारला फार काळ दम निघाला नाही. शतक संपेपर्यंत तुरुंगांत गालिचे, तंबू, सतरंज्या तयार होऊ लागल्या होत्या. आग्र्याच्या कैद्यांनी विणलेला प्रचंड गालिचा व्हिक्टोरिया राणीच्या विंडसर किल्ल्यात, वॉटर्लू दालनात जाऊन पडला. मग बाहेरच्या कारखानदारांनी ओरड केली की कैद्याला मजुरी नाही, जागेला भाडं नाही, याच्याशी आम्ही भावात टिकायचं कसं? ओरड खोटी नव्हती. सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालच्या १९१९-२० च्या समितीने तुरुंगातल्या उद्योगांचं तोंड सरकारी खात्यांच्या गरजांकडे वळवायला सांगितलं. कैद्याची सुधारणा हा तुरुंगाचा हेतू असावा, हेही याच समितीने ठासून मांडलं. सरकारच बनवणार, सरकारच घेणार, ही व्यवस्था तेव्हापासून घट्ट होत गेली ती आजतागायत. विक्री केंद्रं आहेत, दिवाळीत मेळे लागतात, पण खरं गिऱ्हाईक सरकारी खातीच.

यातलं सगळं मराठवाड्याला मात्र जसंच्या तसं लागू पडत नाही. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. १८९४ च्या कारागृह कायद्यावर देशभरातले तुरुंग चालत आले, पण तो कायदा ब्रिटिश मुलखाचा होता. स्वातंत्र्यानंतरही त्याच्या विस्ताराच्या कलमातून 'ब' वर्ग राज्ये (मुख्यतः जुनी संस्थानं) वगळलेलीच राहिली, आणि हैदराबाद हे 'ब' वर्ग राज्य होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. हर्सूलचा कारभार पुण्यातल्या कारागृह मुख्यालयाकडे बघू लागला तो या फेरफारानंतर.

त्या १८९४ च्या कायद्यातलं एक कलम मला फार बोलकं वाटतं. सक्तमजुरीच्या कैद्याकडून दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. आणि काम करणाऱ्या प्रत्येक कैद्याचं वजन निदान पंधरवड्यातून एकदा त्याच्या हिस्ट्री तिकिटावर (कैद्याच्या नोंदीच्या कागदावर) नोंदवायचं. माणूस कामाने खंगतोय का, हे काट्यावर बघायचं! माया म्हणा किंवा हिशेब म्हणा, पण कागदावर तरी कैद्याचं वजन मालाच्या वजनाइतकंच महत्त्वाचं होतं.

नऊ तास ही कागदावरची कमाल मर्यादा. प्रत्यक्षात सकाळी बराक उघडते, मोजणी होते, दुपारी जेवणासाठी काम थांबतं, आणि अंधार पडायच्या आत पुन्हा मोजणी होऊन कुलूप लागतं. रात्रपाळी नाही. पटाशी, करवत, रंधा मोजून द्यायचे आणि मोजून परत घ्यायचे. संध्याकाळी एखादी पटाशी कमी भरली, तर ती सापडेपर्यंत कुणाची सुटका नाही. मोठ्या दरवाजाला दोन फाटकं असतात, एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. सुताचे गठ्ठे घेऊन ट्रक आला की तो या दोन फाटकांच्या मधे थांबतो, कारण आत-बाहेर जाणारी कुठलीही वस्तू तपासायचा अधिकार कायद्याने गेटकीपरला दिलाय. तयार टेबलं बाहेर निघतानाही तीच तऱ्हा. बाहेरच्या कारखान्यात माल किती लवकर निघाला ते बघतात, इथे आधी बघायचं ते मालाबरोबर दुसरं काही निघालं नाही ना.

आणि कारागीर? चार वर्षं हात बसवून तयार झालेला विणकर संचित रजेवर (फर्लोवर) जातो, अभिवचन रजेवर (पॅरोलवर) जातो, अपिलात सुटतो, किंवा दुसऱ्या तुरुंगात पाठवला जातो. माग तिथेच, माणूस नवा. तो सुटला याचं दुःख कुणी करू नये, पण ऑर्डर मार्च एंडची असते.

मजुरीचा प्रश्न १९९८ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. गुजरातच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की कैद्याला न्याय्य वेतन द्यावं लागेल. त्याच्या अन्नवस्त्राचा खर्च कापता येईल, आणि काही भाग गुन्ह्याची झळ लागलेल्यांसाठी बाजूला काढावा. कामाच्या वाटणीचा प्रश्न मात्र सुटायला आणखी पाव शतक गेलं. सर्वोच्च न्यायालयाच्याच ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने जात बघून झाडूकाम किंवा स्वयंपाक देणं घटनाबाह्य ठरवलं आणि कैद्यांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला लावला. विमुक्त जमातींकडे जन्मजात गुन्हेगार म्हणून बघणाऱ्या नियमांवरही तो निकाल बोट ठेवतो. आपल्याकडे ते वाचताना सोलापूरचं सेटलमेंट आठवल्यावाचून राहत नाही. आपल्या वेशीवरच, गुन्हेगार जमाती कायद्याच्या नावाखाली तारेच्या कुंपणात डांबलेली माणसं तिथून गिरण्यांत कामाला जात. कोर्टाची शिक्षा नाही, मुदत नाही, तरी हजेरी. ते कुंपण ३१ ऑगस्ट १९५२ ला तुटलं.

कुंपण काढून काम देण्याचा प्रयोगही याच पट्ट्यातला. औंध संस्थानाने १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, कैद्यांनी मोकळ्या रानात शेती करावी म्हणून. मराठवाड्यात पैठणचं खुलं कारागृह त्याच वळणाचं आहे. चांगल्या वर्तणुकीचे शिक्षाबंदी तिथे शेती करतात, आणि तिथे दोन फाटकांमधे ट्रक अडवून बसावं लागत नाही.

पण पैठणचं शेत काय, हर्सूलचा कारखाना काय, तिथल्या कामाला लागायला बहुतेक आधी शिक्षा व्हावी लागते. २०२२ च्या अखेरीस देशातल्या ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार न्यायाधीन होते. जिल्हा कारागृहातला असा पोरगा पुढच्या तारखेची वाट बघत दिवसभर बराकीत बसतो. त्याला काम सांगता येत नाही, आणि त्याने मागितलं तरी तिथे माग नाही.