बिनतारी जाळे-नियंत्रकाची उभारणी

विखुरलेल्या सेन्सरांची मापने रेडिओलहरींवरून एका ठिकाणी आणणाऱ्या जाळ्यात एक उपकरण मध्यवर्ती असते. ते जाळे सुरू करते, नव्या सेन्सरला प्रवेश देते, कोणी केव्हा बोलावे हे ठरवते आणि जमा झालेली मापने संगणकाकडे धाडते. त्याला जाळे-नियंत्रक म्हणतात. झिगबी या कमी विजेवर चालणाऱ्या बिनतारी पद्धतीच्या परंपरेत त्याचे नाव कोऑर्डिनेटर, कारखान्यांतील वायरलेसहार्ट परंपरेत नेटवर्क मॅनेजर. बोलताना मात्र सगळे सरसकट गेटवे म्हणतात. काटेकोर अर्थाने गेटवे हे दार आणि मॅनेजर हा कारभारी. बहुतेक उत्पादनांत दोन्ही एकाच पेटीत येतात, म्हणून या नोंदीत त्या पेटीलाच नियंत्रक म्हटले आहे.

उगम : नियंत्रकाचा आरंभ कोठून धरावा याबाबत एकमत नाही. हवामानशास्त्राचे अभ्यासक बिनतारी मापनाची सुरुवात रेडिओसाँडपासून मोजतात. फुग्याला बांधलेले हे यंत्र वरच्या हवेचे तापमान व दाब रेडिओने खाली कळवते. त्याचे श्रेय फ्रान्सचे रॉबेर ब्युरो (१९२९) यांना द्यावे की सोव्हिएट रशियाचे पाव्हेल मोल्चानोव्ह (१९३०) यांना, हा वाद जुना आहे. नियंत्रकाच्या दृष्टीने तो गौण ठरतो. एक फुगा आणि एक ग्राही असताना कोणाच्या बोलण्यात कोणाचा अडथळा येत नाही, त्यामुळे नियंत्रणाचा प्रश्नच उद्भवत नाही.

दुसरे मत हवाई विद्यापीठाच्या अलोहानेट या रेडिओवरील संगणक-जाळ्याकडे बोट दाखवते. नॉर्मन अ‍ॅब्रमसन यांच्या गटाने ते साधारणपणे जून १९७१ मध्ये चालू केले. ओआहू बेटावरील मुख्य संगणकासमोर एचपी २११५ हा लघुसंगणक मध्यस्थ म्हणून बसवला होता. टर्मिनलांकडून येणारे संदेश ४०७.३५० मेगाहर्ट्‌झवर येत आणि उत्तरे ४१३.४७५ मेगाहर्ट्‌झवर जात. वेग सेकंदाला ९,६०० बिट. या मध्यस्थाला ‘मेनेहुने’ म्हणत. अमेरिकेच्या अर्पानेटमधील, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वरूपातील, अशाच यंत्राचे लघुनाम ‘इम्प’ होते आणि इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ खोडकर छोटे भूत असा होतो. त्यावरून रात्रीत बांधकामे उरकणाऱ्या, हवाई लोककथांतील बुटक्या लोकांचे नाव या यंत्राला दिले, असे सांगितले जाते. लोककथेतील हा शब्द सामान्य प्रजा या अर्थाच्या ताहितीतील ‘मानाहुने’शी निगडित असावा, असे काही अभ्यासक मानतात.

मेनेहुनेला नियंत्रक म्हणावे का, यावरही मतभेद आहेत. ते कोणाला वेळ नेमून देत नसे. टर्मिनलाने मनात येईल तेव्हा संदेश सोडायचा, पोच आली नाही तर यादृच्छिक अंतराने पुन्हा सोडायचा. या पद्धतीत टकरींमुळे वाहिनीच्या क्षमतेपैकी फार तर १८.४ टक्के उपयोगी पडते. १९७२ च्या सुमारास लॉरेन्स रॉबर्ट्‌स यांनी वेळेचे समान खण पाडण्याची सूचना केली आणि ही मर्यादा दुप्पट, म्हणजे ३६.८ टक्के झाली. पण खण पाळायचे तर सर्वांचे घड्याळ एक हवे, आणि ते कोणीतरी लावून द्यायला हवे. खऱ्या अर्थाने नियंत्रणाची गरज येथे निर्माण होते. म्हणून मेनेहुनेला नियंत्रकाचे पूर्वरूप मानणे अधिक सयुक्तिक वाटते. पूर्ण विकसित रूप वायरलेसहार्टमध्ये दिसते. हे मानक २००७ मध्ये जाहीर झाले व पुढे आयईसी ६२५९१ म्हणून आंतरराष्ट्रीय झाले. त्यात १० मिलिसेकंदांचा एकेक खण कोणत्या उपकरणाने, कोणत्या वाहिनीवर वापरायचा हे नियंत्रकच ठरवतो.

जागा : नियंत्रक ऑफिसात, संगणकाशेजारी ठेवण्याची चूक सर्रास होते. त्याची जागा सेन्सरांच्या मधोमध असते. संगणकापर्यंत केबल ओढता येते. वायरलेसहार्टच्या अभियांत्रिकी संकेतांनुसार पाइप व टाक्यांच्या दाट गर्दीत परिणामकारक पल्ला सुमारे ३० मीटर, मध्यम अडथळ्यांत ७५ मीटर, विरळ अडथळ्यांत १५० मीटर आणि मोकळ्या दृष्टिरेषेत सुमारे २३० मीटर धरावा. नियंत्रकाच्या थेट पल्ल्यात किमान ५ उपकरणे आणि प्रत्येक उपकरणाला किमान ३ शेजारी असावेत. मोठ्या जाळ्यात एकूण उपकरणांपैकी २५ टक्के नियंत्रकाच्या पल्ल्यात असावीत. हे आकडे उगाच घातलेले नाहीत. दूरच्यांचे संदेश जवळची उपकरणेच पुढे सरकवतात. नियंत्रकाजवळ दोनच उपकरणे असली, तर साऱ्या जाळ्याचा भार त्यांच्यावर पडतो आणि त्यांची बॅटरी इतरांच्या आधी संपते.

अँटेना उभा, आजूबाजूच्या अडथळ्यांपेक्षा सुमारे २ मीटर वर आणि लोखंडी खांब-भिंतींपासून किमान १ मीटर दूर असावा. समोरचा सेन्सर डोळ्यांना दिसला म्हणजे वाट मोकळी आहे, असे नाही. रेडिओलहरी सरळ रेषेभोवतीच्या लंबगोल पट्ट्यातून, म्हणजे फ्रेनेल क्षेत्रातून जातात. २.४ गिगाहर्ट्‌झला २०० मीटर अंतराच्या मध्यावर या क्षेत्राची त्रिज्या सुमारे २.५ मीटर भरते आणि तिच्यापैकी ६० टक्के तरी अडथळामुक्त लागते. माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर समोरासमोर लावलेले दोन अँटेना एकमेकांना दिसतात, पण मधली जमीन लहरींना अडवते.

वाहिनी : झिगबी व वायरलेसहार्ट या दोहोंचा पाया असलेल्या आयईईई ८०२.१५.४ या मानकात (२००३) २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात ११ ते २६ अशा १६ वाहिन्या आहेत. वाहिनी ११ चा मध्य २,४०५ मेगाहर्ट्‌झ असून पुढची प्रत्येक वाहिनी ५ मेगाहर्ट्‌झने सरकते. याच पट्ट्यात वायफाय चालते. त्याच्या नेहमीच्या १, ६ व ११ या वाहिन्या सुमारे २२ मेगाहर्ट्‌झ रुंद असून ढोबळपणे २,४०१–२,४२३, २,४२६–२,४४८ आणि २,४५१–२,४७३ एवढी जागा व्यापतात. त्यांच्या फटींत ८०२.१५.४ च्या १५ (२,४२५) व २० (२,४५०) या वाहिन्या बसतात. २५ (२,४७५) व २६ (२,४८०) वरच्या टोकाला सुटतात. यांतील २६ पट्ट्याच्या सीमेजवळ असल्याने अनेक उपकरणे तिच्यावर कमी शक्तीने प्रक्षेपण करतात, आणि वायरलेसहार्ट तर ती वापरतच नाही. झिगबी कोऑर्डिनेटर सुरू होताना प्रत्येक वाहिनीवरील गोंगाट मोजून शांत वाहिनी निवडतो; पण ही निवड त्या क्षणापुरती असते. रविवारी बंद कारखान्यात सुरू केलेले जाळे सोमवारी सगळे वायफाय जागे झाल्यावर अडखळू शकते. वायरलेसहार्ट दर खणाला वाहिनी बदलत असल्याने ही अडचण तेथे सौम्य होते.

क्रम व किल्ल्या : आधी नियंत्रक चालू करून तपासावा, मगच सेन्सरांत बॅटरी घालावी, आणि तीही जवळच्यापासून दूरच्याकडे. दूरचा सेन्सर मधल्यांच्या खांद्यावरूनच पोचतो. मधले जागे नसतील तर तो जाळे शोधण्यातच बॅटरी घालवतो. वायरलेसहार्टमध्ये प्रत्येक उपकरणात जाळ्याचा क्रमांक आणि १२८ बिटांची प्रवेश-किल्ली, म्हणजे गुप्त संकेत, भरावी लागते. झिगबीत ‘झिगबीअलायन्स०९’ या सोळा रोमन अक्षर-अंकांची किल्ली सर्वज्ञात आहे. प्रवेश उघडा ठेवला तर तिच्या आधारे परकेही आत येऊ शकतात, म्हणून प्रवेशाची मुदत उभारणीपुरतीच ठेवून बंद करावी. किल्ल्यांची व जाळ्याच्या माहितीची प्रत बाहेर जपून ठेवणे अगत्याचे आहे. नियंत्रक बिघडला आणि प्रत नसली, तर नवा नियंत्रक जुन्या सेन्सरांना परका असतो. मग प्रत्येक सेन्सरपाशी जाऊन त्याला नव्याने जोडावे लागते, मग तो धुराड्यावर असो वा टाकीच्या माथ्यावर.

भारतात : २.४ गिगाहर्ट्‌झ आणि ८६५–८६७ मेगाहर्ट्‌झ हे पट्टे ठरावीक शक्तीच्या मर्यादेत २००५ पासून परवानामुक्त आहेत. दुसऱ्याची हद्द पुढे ८६८ पर्यंत वाढली. अमेरिकी बाजारासाठीचे ९१५ मेगाहर्ट्‌झचे नियंत्रक येथे वापरता येत नाहीत, कारण त्या जागी मोबाइल सेवा आहे. लांब पल्ल्याच्या लोरावॅन जाळ्यांसाठी ८६५ चा पट्टा वापरतात.

महाराष्ट्रात आयआयटी मुंबईच्या गटाने ‘अ‍ॅग्रिसेन्स’ हे जाळे नाशिकच्या सुला द्राक्षबागेत उभारले. मातीतील ओलावा, तापमान, आर्द्रता व पानांवरील ओल यांची मापने बागेतील नियंत्रकाकडे येत आणि तेथून जीपीआरएस या मोबाइल डेटासेवेने मुंबईला जात. पानांवर ओल किती वेळ टिकली यावर केवडा या रोगाचा धोका अवलंबून असल्याने द्राक्षात या मापनाला विशेष मोल आहे. ओली पाने २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी शोषतात. त्यामुळे छाटणीनंतरच्या उघड्या मांडवात घेतलेली पल्ल्याची चाचणी वेलीचा विस्तार भरल्यावर लागू पडत नाही. अँटेना मांडवाच्या वर काढून ती पुन्हा घ्यावी लागते.