संगणकाचे आयुष्य आणि उत्पादकाची जबाबदारी : पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आयबीएम ही अमेरिकी कंपनी आपली पंचकार्ड यंत्रे (छिद्रे पाडलेल्या कार्डांवरील माहितीचा हिशेब करणारी यंत्रे) विकत नसे, भाड्याने देत असे. यंत्र बिघडले की दुरुस्तीचा भुर्दंड कंपनीलाच पडे, त्यामुळे ते टिकण्यात तिचेच हित होते. मक्तेदारीविरोधी खटल्यातील १९५६ च्या तडजोडीने यंत्रे विकणे आणि बाहेरच्या दुरुस्ती करणाऱ्यांना सुटे भाग देणे तिच्यावर बंधनकारक झाले. यंत्र ग्राहकाच्या मालकीचे झाले, तसा बिघाडही त्याच्याच पदरी पडला.

उत्पादन मुद्दाम अल्पायुषी केल्याचा पुरावा क्वचितच हाती लागतो. १९२४ साली बल्ब उत्पादकांच्या संघाने बल्बचे आयुष्य १,००० तासांवर आणण्याचे ठरवले आणि त्याहून जास्त टिकणारे बल्ब बनवणाऱ्या सदस्यांना दंड लावला, तो अपवाद. संगणकात हेतू आणि हलगर्जी वेगळी काढणे अवघड जाते. २००० नंतरच्या काही वर्षांत असंख्य मदरबोर्डांवरील (संगणकाच्या मुख्य सर्किट पट्ट्यांवरील) कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, माथ्याशी फुगले आणि त्यांतून तपकिरी द्रव पाझरला. ती कपॅसिटरमधील सदोष इलेक्ट्रोलाइटची, म्हणजे आतल्या वीजवाहक द्रवाची, करणी होती, कट नव्हे. इंकजेट प्रिंटरची गोष्ट निराळी. शाई फवारणारी नोझल साफ करताना वाया जाणारी शाई आतल्या स्पंजमध्ये मुरते, प्रिंटर तिचा हिशेब ठेवतो आणि आकडा मर्यादेला पोहोचला की अनेक मॉडेल काम थांबवतात. शाई बाहेर सांडू नये हे कारण खरेच आहे; पण स्पंज बदलून तो आकडा शून्यावर आणण्याची सोय ग्राहकाला का नसावी, याचे पटणारे उत्तर मिळत नाही.

फ्रान्सने २०१५ मध्ये नियोजित कालबाह्यता, म्हणजे उत्पादन मुद्दाम अल्पायुषी करणे, हा गुन्हा ठरवून दोन वर्षांचा तुरुंगवास आणि तीन लाख युरो दंडाची तरतूद केली. मात्र आयुष्य जाणूनबुजून घटवले आणि तेही नव्या खरेदीचे प्रमाण वाढवण्यासाठी, हे दोन्ही सिद्ध करावे लागे. जुने आयफोन संथ केल्याच्या प्रकरणात २०२० मध्ये ॲपलने अडीच कोटी युरो भरले, ते ग्राहकांना माहिती न दिल्याबद्दल. कालबाह्यतेचा गुन्हा शाबीत झाला म्हणून नव्हे. २०२१ मध्ये फ्रान्सच्या कायद्यातून दुसरी, म्हणजे नव्या खरेदीच्या हेतूची, अट गळली.

युरोपीय संघाने मग हेतूऐवजी रचनेकडे मोर्चा वळवला असून, १८ फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्यालाच काढता आली पाहिजे.