खारा वारा किती वाजता आला?

मार्चमध्ये एखाद्या दिवशी मुंबईचा पारा ३९-४० अंशांवर गेला की दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये, ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर एकच वाक्य ऐकू येतं : "मार्चमध्येच ही गत, मग मे महिन्यात काय होणार?" त्याचं उत्तर सांताक्रूझच्या वेधशाळेच्या जुन्या नोंदींत आहे. तिथलं मे महिन्याचं सरासरी कमाल तापमान ३४ अंशांच्या जवळपास असतं, मार्चचं ३३ च्या. मुंबई सर्वांत जास्त तापल्याची नोंद मात्र मे महिन्यातली नाही. सांताक्रूझचा उच्चांक ४२.२ अंशांचा, १४ एप्रिल १९५२ रोजीचा. २८ मार्च १९५६ ला पारा ४१.७ वर गेला होता.

बारा महिन्यांची कमाल तापमानं ओळीने मांडली की गंमत दिसते. जानेवारीत साधारण ३१, जुलै-ऑगस्टमध्ये ३०, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा ३४. वर्षभरात जेमतेम चार अंशांचा चढउतार! नागपुरात हाच फरक चौदा अंशांच्या आसपास जातो.

सूर्य डोक्यावर आला म्हणून गरम होतं, हे खरं, पण पुरेसं नाही. मुंबईत सूर्य बरोबर माथ्यावर येतो वर्षातून दोनदा, १५ मे आणि २७ जुलैच्या सुमारास. या दोन शून्य सावलीच्या दिवसांपैकी दुसरा भर पावसाळ्यात ढगांखाली जातो आणि त्या दिवसांत पारा तिशीच्या आगेमागे असतो. पृथ्वी सूर्यापासून दूर जाणार, म्हणून यंदा कडाक्याची थंडी पडणार, आजार वाढणार, असा मेसेजही फिरत असतो. तो निव्वळ खोटा आहे, कृपया पुढे पाठवू नका. पृथ्वी दरवर्षीच जुलैच्या सुरुवातीला सूर्यापासून सर्वांत लांब, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर असते आणि जानेवारीच्या सुरुवातीला सर्वांत जवळ, १४.७ कोटी किलोमीटरवर. थंडी जानेवारीत पडते, यातच काय ते आलं.

मग मुंबईची दुपार ठरवतं कोण? शाळेत भूगोलात वाचलेले खारे वारे, दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहणारे! त्यांच्यावर माझा फार जीव आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

एक किलो पाणी एका अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो कोरडी माती चार-पाच अंशांनी तापते. शिवाय ऊन मातीच्या वरच्या पातळ थरातच अडकतं, समुद्रात ते खोल जातं आणि लाटा ते ढवळून पसरवतात. म्हणून दुपारी जमीन तापते, समुद्र होता तिथेच राहतो. पुढचं आपण घोकलेलं असतं : गरम हवा वर जाते, तिची जागा घ्यायला थंड हवा येते. पण खरी सुरुवात वरून होते. जमिनीवरची हवा तापून फुगते, तिचा स्तंभ उंच होतो. त्यामुळे काहीशे मीटर उंचीवर जमिनीच्या बाजूचा दाब समुद्राच्या बाजूच्या दाबापेक्षा किंचित जास्त भरतो आणि त्या उंचीवर हवा समुद्राकडे सरकते. स्तंभातली हवा अशी कमी झाली की जमिनीलगतचा दाब उतरतो, आणि मग खालून समुद्राची हवा आत शिरते. दाबातला फरक असतो एखाद्या मिलिबारचा, पण तेवढ्यावर सगळ्या शहराची दुपार निभावते.

मार्चमध्ये या वाऱ्याच्या वाटेत आडवा येतो पूर्वेचा वारा. हिवाळ्याची ईशान्य-पूर्वेची वाहती हवा अजून पुरती गेलेली नसते. ती घाटावरून कोकणात उतरते आणि उतरताना तापते. सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना, तसंच. खाली दाब जास्त, हवा दाबली जाते, दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी तापते. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर. तिथली मार्चमधल्या दुपारची ३५ अंशांची कोरडी हवा समुद्रसपाटीला आणली, तर ती ढोबळ हिशोबाने ४० ची होते. असा वारा जोरात असला की खारा वारा किनाऱ्याबाहेरच अडून राहतो. एरवी तो अकरा-बाराला शहरात यायचा, तो दोन वाजेपर्यंत येत नाही, आणि तेवढ्या दोन-तीन तासांत पारा पाच-सहा अंश चढतो.

गोरेगावला आमच्या गच्चीवर हे मी कपड्यांच्या दोरीवर पाहिलंय. सकाळपासून चादरी पश्चिमेकडे फडफडत होत्या, हवा अशी कोरडी की जाड टॉवेल तासाभरात कडक झाला. दीडच्या सुमारास चादरी एकदम लोंबल्या. पाच मिनिटं काहीच नाही. मग सगळ्या एका दमात पूर्वेकडे उडाल्या आणि खारट, ओलसर वास आला. सावलीत टांगलेला तापमापक ३८ दाखवत होता, अर्ध्या तासात ३५ वर आला. कपडे मात्र त्यानंतर वाळेनात.

मे उजाडेपर्यंत राजस्थान-सिंधच्या तापलेल्या जमिनीवर कमी दाब बळावतो आणि किनाऱ्यावर पश्चिम-वायव्येचे वारेच राज्य करतात. खारा वारा वेळेवर येतो, पारा ३४ वर थांबतो. पण तोवर समुद्रही तिशीजवळ तापलेला असतो, हवा बाष्पाने जड. रात्रीही तापमान २७ च्या आसपासच राहतं, घाम अंगावरच राहतो. आकडा कमी आणि हाल जास्त. म्हणूनच किनाऱ्यासाठी उष्णतेच्या लाटेचा उंबरठा मैदानासारखा ४० नाही, ३७ अंशांचा आहे, आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांची वाढही लागते.

ऑक्टोबर हीटचं गणित याच सूत्राने सुटतं. पाऊस परतला, आभाळ मोकळं झालं, वारे पुन्हा पूर्वेचे झाले, आणि खारा वारा पुन्हा उशिरा येऊ लागला.

येत्या मार्चमध्ये बाल्कनीच्या कठड्याला एक रिबीन बांधा. ती कोणत्या वेळी उलटी फिरली ते रोज लिहा आणि संध्याकाळी सांताक्रूझचं कमाल तापमान त्याच्यापुढे मांडा. पंधरा दिवसांत पान बोलायला लागेल.