पाचशे दोनमधून एकशे सत्त्याऐंशी

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर भाजीचे १८७ रुपये झाले आणि पाकिटात शंभराच्या पाच नोटा व एकेका रुपयाची दोन नाणी आहेत, असे समजा. नेमकी रक्कम द्यायची, तर शंभराची एक नोट मोडून दहाच्या दहा नोटा घ्याव्या लागतील आणि त्यांतली एक पुन्हा मोडून रुपयाची दहा नाणी घ्यावी लागतील. आता पाकिटात शंभराच्या चार, दहाच्या नऊ नोटा आणि बारा नाणी आहेत. रक्कम मात्र ५०२ रुपयेच आहे. त्यातून एक शतक, आठ दशके आणि सात एकक दिले की ३१५ रुपये उरतात.

हातच्याच्या वजाबाकीत मुले अडखळतात ती बहुधा या मधल्या शून्यापाशी. ‘दोनातून सात जात नाहीत’ म्हणून काही जण सातातून दोन वजा करतात, शून्यातून आठ न गेल्याने आठ तसेच ठेवतात आणि उत्तर ४८५ लिहितात. त्यात १८७ मिळवले की ६७२ होतात, म्हणजे चूक लगेच उघडी पडते. हा ताळा प्रत्येक मुलाला यायलाच हवा.

दशकाच्या घरातले शून्य एवढेच सांगते की शतकांत बांधली न गेलेली दशके उरलेली नाहीत. ग्वाल्हेरच्या इ.स. ८७६ च्या शिलालेखात २७० ही संख्या शून्यासह कोरलेली आहे. तिथे एककाच्या घरातले शून्यही असेच काम करते. खरे तर ५०२ मध्ये ५० दशके आहेत. त्यांतले एक सुटे केले की ४९ उरतात, आणि ‘एकोणपन्नास’ या शब्दातच एकाने ऊन पन्नास ही वजाबाकी आहे. मग ४९ दशकांतून १८ गेली, ३१ राहिली. १२ एककांतून ७ गेले, ५ राहिले.

या रीतीला ‘उसने घेणे’ म्हणणे मला पटत नाही, कारण उसने घेतलेले परत करावे लागते आणि इथे तर आपलीच नोट आपण मोडतो. तो शब्द शोभतो आजीच्या रीतीला. ती वरच्या दोनाचे बारा करी आणि खालच्या आठाचे नऊ. पुढे शून्याचे दहा आणि खालच्या एकाचे दोन. म्हणजे वर दहा एकक घेतले की खाली एक दशक फेडायचे. दोन्ही संख्या ११० ने वाढतात, ६१२ आणि २९७ होतात, आणि फरक ३१५ च राहतो, जसे वर्षे सरली तरी दोन भावंडांच्या वयांतले अंतर तेवढेच राहते.