दप्तर उघडलं ते दाखल्यासाठी

नाशिकच्या महाविद्यालयांतली मुलं हल्ली वह्या घेऊन तांबट आळी, तिवंधा, पंचवटीत फिरताना दिसतात. त्यामागचं ताजं कारण श्रेयांकांचं आहे. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग आले, आणि शहराचा वारसा हा हाताशी असलेला विषय ठरला.

सातवाहन आणि पांडवलेणी इथे बाजूला ठेवू. पेशवाईतल्या कागदांसाठीही पुण्याचं पेशवे दप्तर गाठावं लागतं. नाशिकच्या कचेऱ्यांत मुख्यतः १८६४ची नगरपालिका आणि १८६९चा जिल्हा यांच्या नंतरचं दप्तर आहे. १९८२ साली सातपूर आणि नाशिकरोड-देवळाली नगरपालिका विलीन होऊन महानगरपालिका झाली.

सरकारी दप्तराची प्रतवारी ठरलेली असते: ‘अ’ कायम, ‘ब’ तीस वर्षं, ‘क’ दहा, ‘क-१’ पाच, ‘ड’ एक. मुदत संपली की कागद नष्ट करायचा. प्रशासनाला ते सोयीचं; पण गल्लीचा इतिहास नेमका किरकोळ ठरलेल्या पत्रव्यवहारातच असतो.

खरी उलथापालथ झाली २०२३मध्ये. मराठ्यांना कुणबी जातीचे दाखले देता यावेत म्हणून जुन्या मराठा-कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली गेली. आधी मराठवाडा, मग सगळं राज्य. १९४८पूर्वीच्या आणि १९४८ ते १९६७ या काळातल्या नोंदी धुंडाळल्या गेल्या. तालुक्या-तालुक्यांत गाव नमुना १४ (म्हणजे कोतवाल बुक, गावातल्या जन्म-मृत्यूंची नोंदवही), शाळांचे प्रवेश-निर्गम, जुनी खरेदीखतं बाहेर आली. मोडी वाचणारे मिळेनात म्हणून शोधाशोध झाली. वर्षानुवर्षं ‘जीर्ण आहे, हात लावता येणार नाही’ असं सांगितलं जाणारं दप्तर रातोरात हाताळण्याजोगं झालं! आरक्षणाच्या बाजूने असा वा विरोधात, इतिहासाच्या अभ्यासकाला हे खटकायला हवं. शोध एकाच शब्दाचा होता. तो असलेली पानं स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर चढली. बाकीची गठ्ठ्यात परतली. कोतवाल बुकाच्या एका ओळीत नाव, बापाचं नाव, जात आणि मृत्यूचं कारण सापडतं. प्लेगच्या वर्षांत कोणत्या वस्तीत किती माणसं गेली, हे त्यातून काढता आलं असतं.

कचेरीबाहेरचं दप्तर मात्र वाहतं आहे. रामकुंडावर उपाध्ये आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि नेमकी चोपडी काढतात. यजमानाच्या पूर्वजाचं हस्ताक्षर समोर येतं. ही चोपडी खासगी मालमत्ता, तिच्यावर घरातल्या वाटण्यांचे हक्क. विद्यार्थ्याला ती पाहू द्यायची की नाही, हे गुरुजींच्या मर्जीवर. तांबटांकडे असलं लेखी फारसं नाही, तिथे ऐकूनच लिहावं लागतं. २ मार्च १९३०ला सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची गोष्ट मात्र दोन्हीकडे आहे: सरकारी कागदात ती बंदोबस्ताची बाब, वस्तीतल्या घरांत आजी-आजोबांनी खाल्लेल्या दगडांची आठवण. चांगले प्रकल्प दोन्ही शेजारी ठेवतात.

२०२७च्या सिंहस्थासाठी घाटांची कामं होणार म्हणून पायऱ्या, कुंडं, शिलालेख यांचे फोटो काढून ठेवण्याची घाई वाढली आहे. त्या मानाने मोडी शिकायला बसणारी मुलं अजून मोजकीच.