गरम पाणी, कोमट पाणी, गार पाणी

भिजवलेलं सोयाबीन गार पाण्यासकट मिक्सरला लावलं, की काही सेकंदांत झाकणाखालून ओल्या गवतासारखा, कच्च्या शेंगेसारखा उग्र वास येतो. घरी सोयादूध करून पाहणारे कितीतरी जण इथेच थांबतात. ‘आपल्या जिभेला नाही चालत ते’ असं म्हणून उरलेलं सोयाबीन बरणीत पडून राहतं. मला याचं फार वाईट वाटतं. मराठवाड्यात आणि विदर्भात शेतंच्या शेतं सोयाबीनची, पण आपल्या घरात हा दाणा येतो तो तेल नाहीतर वड्या होऊन. दोष दाण्याचा नाही, पाण्याचा आहे.

अख्ख्या दाण्यात तो वास जवळजवळ नसतोच, तो आपण तयार करतो. सोयाबीनमध्ये लिपॉक्सिजनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. दाणा शाबूत असतो तोवर हे विकर आणि दाण्यातलं तेल फारसे एकमेकांच्या वाटेला जात नाहीत. मिक्सरचं पातं फिरलं, की विकर, तेल, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र येतात. तेलातलं लिनोलेइक आम्ल तुटतं आणि हेक्झॅनलसारखी संयुगं बनतात. ती अगदी नगण्य प्रमाणात असली तरी नाकाला कळतात. एकदा वास तयार झाला, की नंतर दूध कितीही उकळा, तो पुरता जात नाही.

म्हणून विकर वाटण्याआधीच निकामी करायचं. 1960च्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी सोयाबीन थेट कढत पाण्यात, 80 अंश सेल्सियसच्या वर वाटून पाहिलं, आणि वास जवळजवळ गेला. घरी हे सहज जमतं. 100 ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवा, चोळून सालं काढा, दाणे उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा आणि गरम पाण्यातच वाटा. भांडं अर्ध्याच्या वर भरू नका. वाफेने झाकण उडतं, तेव्हा ते जाड फडक्याने धरून ठेवा. सगळं मिळून पाणी 800 मिलिलिटर ते एक लिटर पुरे.

गाळल्यावर पुन्हा उकळणं आलंच, पण आता कारण वेगळं. कच्च्या सोयाबीनमधले काही घटक आपल्या पोटातल्या ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवतात. ते नष्ट व्हायला वेळ लागतो. इथे फसगत होते, कारण सोयादूध उकळायच्या आधीच फेसाळून वर येतं. तो फेस सॅपोनिन या साबणासारख्या फेसाळणाऱ्या घटकाचा असतो. गाईच्या दुधाच्या सवयीने आपण लगेच गॅस बंद करतो. तसं न करता ढवळत राहायचं आणि खरी उकळी आल्यावर मंद आचेवर आणखी पंधरा मिनिटं ठेवायचं. दाण्यात प्रथिनं शेकडा 36च्या आसपास असतात. चोथ्यात काही राहिली, तरी 100 मिलिलिटर दुधात अडीच-तीन ग्रॅम उतरतात, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळपास. चोथा टाकू नका, थालीपिठाच्या भाजणीत तो छान मिळून येतो.

आता हाच कढत पाण्याचा धडा नारळाला लावून चालणार नाही. नारळाचा रस म्हणजे पाण्यात तरंगणारे तेलाचे बारीक थेंब, आणि त्यांच्याभोवती प्रथिनांचं पातळ आवरण. साधारण 80 अंशांपासून ही प्रथिनं गोठू लागतात, आवरण फाटतं आणि रस फुटतो. पातळ रसात शिजवायचं, घट्ट रस शेवटी घालायचा आणि मग खळखळ उकळी येऊ द्यायची नाही, ही मालवण-गोव्याकडच्या स्वयंपाकघरातली शिस्त या प्रथिनांना धरूनच आहे. सोलकढी तर गरम करतच नाहीत. आमसुलाच्या आंबटपणाने प्रथिनं आधीच एकमेकांना चिकटू पाहत असतात, त्यात आच लागली की संपलंच.

मग नारळाचा चव, म्हणजे खोवलेलं खोबरं, वाटताना पाणी गार घ्यावं का? तेही नाही. खोबरेल 24-25 अंशांच्या खाली थिजतं. कोकणातल्या उकाड्यात ते जाणवत नाही, पण पुण्या-नागपूरच्या डिसेंबरात गार पाण्यात वाटलेला चव रस सोडायला कुरकुरतो. हाताला सोसेल इतकं कोमट पाणी घ्या. फ्रिजमध्ये ठेवलेल्या रसावर घट्ट थर येतो तोही थिजलेल्या तेलाचाच. रस खराब झालेला नसतो. बाहेर मात्र तो काही तासांत आंबतो.

बदामाचं दूध सर्वांत सोपं, पण त्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. 25 ग्रॅम बदामांत प्रथिनं पाच ग्रॅमच, ती अर्ध्या लिटरमध्ये पसरली की 100 मिलिलिटरला जेमतेम एक. शिवाय घरी केलेल्या कुठल्याच वनस्पतिजन्य दुधात बी-12 नसतं आणि कॅल्शियमही बहुधा गाई-म्हशीच्या दुधापेक्षा खूप कमी. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या दुधाऐवजी हे कधीही देऊ नये.

ओट्सला मात्र बर्फासारखं गार पाणीच हवं. त्यातला स्टार्च 55-60 अंशांपुढे पाणी पिऊन फुगतो, आणि जास्त वेळ फिरवलं तर मिक्सरची उष्णताही बुळबुळीतपणा वाढवते. वीस-तीस सेकंद फिरवा, फडक्यातून आपोआप गळू द्या, पिळू नका. तरीही हे दूध चहात उकळलं की पेजेसारखं दाटतं. कारखान्यांत यावर अमायलेज विकर घालतात, ते स्टार्चचे लांब धागे कापून साखर करतं. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या रिकार्ड ओस्टे यांनी 1990च्या दशकात ओट्सचं दूध बनवलं ते याच विकरांच्या मदतीने.

हे विकर आपल्या घरातही असतं. नाचणीला मोड आले, की दाणा स्वतःच्या वाढीसाठी अमायलेज तयार करतो. नाचणीची किंवा तांदळाची घट्ट पेज करा, बोट जेमतेम सोसेल इतकी निवू द्या, मग मोड आणून सावलीत वाळवलेल्या नाचणीचं चमचाभर पीठ त्यात ढवळा. पीठ भाजलेलं नको, भाजताना विकर मरतं. थोड्याच वेळात घट्ट पेज पळीतून धार धरण्याइतकी सैल होते, आणि साखर न घालताच किंचित गोड लागते. प्यायच्या आधी तिला एक उकळी द्या.