बॅटरी नवी, तरी सेल्फ उचलत नाही? आधी केबल तपासा

जुन्या ट्रकचा सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) जड फिरू लागला किंवा नुसता 'कट्ट' आवाज करून थांबू लागला, की बहुतेक मालक आधी बॅटरी बदलतात. नव्या बॅटरीच्या जोरावर काही दिवस निघतात आणि मग पुन्हा तेच सुरू होते. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या गाड्यांत असा दोष पुष्कळदा केबलमध्येच निघतो. बॅटरीवर विनाकारण खर्च होऊ नये, म्हणून हे पत्रक.

सेल्फ फिरताना केबलमधून शेकडो अँपिअर करंट जातो. समजा करंट 400 अँपिअर आहे आणि गंजलेल्या जोडात फक्त 0.005 ओहम अडथळा आहे, तरी 2 व्होल्ट वाटेतच जातात. इतका बारीक अडथळा साध्या मल्टिमीटरच्या ओहमवर कळत नाही. तिथे केबल चांगलीच दिसते, म्हणून ती सेल्फ चालू असतानाच तपासावी लागते.

गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक लावा, इंजिन सुरू होणार नाही अशी व्यवस्था करा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या प्लस पोलवर लावा. क्लॅम्पवर नको, शिशाच्या पोलवरच. दुसरे टोक सेल्फच्या जाड बोल्टवर धरा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मग हेच मायनस पोल आणि सेल्फची बॉडी यांच्यात करून पाहा. कोणत्याही बाजूला आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर आम्ही ती बाजू खराब धरतो.

अर्थची, म्हणजे चॅसिसमधून मायनसकडे परत जाणारी बाजूच जास्त दुर्लक्षित राहते. प्लसला जितका करंट जातो, तितकाच अर्थमधून परत येतो. इंजिन ते चॅसिस ही पट्टी तुटली, तर करंट ॲक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या तारेतून वाट काढतो आणि ती तार तापून जळते. अर्थ बसवताना चॅसिसवरचा रंग आणि गंज घासून लखलखीत पत्रा उघडा करा. रंगावर कसलेला बोल्ट कितीही घट्ट असला तरी अर्थ कच्चाच राहतो. 24 व्होल्टच्या गाडीत दोन बॅटऱ्यांना जोडणारी छोटी केबलही आठवणीने तपासा.

वरून केबल धड दिसली, तरी लगजवळ (केबलच्या टोकाला बोल्टसाठी भोक असलेली धातूची पट्टी) वाकवून बघा. आतून करकर वाटली किंवा रबर फुगलेले असले, तर आत मोरचुदासारखी निळी-हिरवी पूड साचलेली असते. पूड तारांच्या आतपर्यंत गेलेली असेल, तर टोक घासून काही होत नाही, केबल बदलावीच लागते.

नवी केबल शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल तेवढ्याच जाडीत कमी करंट वाहते. जाडी जुन्या केबलपेक्षा कमी नको, लांबी वाढवलीत तर जाडीही वाढवा. लग आम्ही हायड्रॉलिक प्रेसने दाबतो आणि त्यावर आतून गोंद असलेली श्रिंक नळी (तापवली की आवळून बसणारी) चढवतो. नुसत्या डाखावर भिस्त ठेवू नका. डाख तारांत वर चढते, तिथे केबल ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते.

काम सुरू करण्याआधी अंगठी, कडे काढून ठेवा. सोडताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी. उलट केलेत आणि पाना चॅसिसला टेकला, तर थेट शॉर्ट होतो. पोलवर क्लॅम्प हातोडीने ठोकू नका, आतली प्लेट हलते. घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. केबल सायलेन्सरपासून लांब घ्या, चॅसिसच्या भोकात रबरी ग्रोमेट घाला आणि इंजिन हलते म्हणून थोडी ढील ठेवा. सेल्फच्या केबलला बहुतेक जुन्या गाड्यांत फ्यूज नसतो. रबर घासून तांबे पत्र्याला लागले, तर आग लागू शकते.

केबल बनवून हवी असेल, तर जुनी फेकू नका. सोबत आणा, लांबी आणि लगच्या भोकाचे माप आम्ही तिच्यावरूनच घेतो.